आईच्या हातासाठी आलेली ट्यूब

आमच्या घरात प्रत्येकाच्या अंगावर काही ना काही होतं, आणि कुणालाच काही झालेलं नव्हतं. आत्याच्या पायांच्या बोटांमध्ये बारमाही चिखल्या असायच्या, पण ती म्हणे, पाण्यातली कामं केली की बोटं जरा ओलसर राहतात, एवढंच. आईच्या दोन्ही तळहातांना इसब होता. कातडी तडकून भेगांतून रक्त यायचं, तर तिचं म्हणणं, या खेपेला धुण्याचा सोडाच तिखट निघालाय. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तर मुळीच काही नव्हतं. ते पनवेलच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते आणि अव्वल कारकुनाला त्वचारोग होत नाही, अशी त्यांची बहुधा समजूत होती. फक्त संध्याकाळी घरी आल्यावर कोट-टोपी खुंटीला लावून ते माजघरात शिरत, दार लोटून घेत, आणि आतून पाच-सात मिनिटं सुकं लाकूड किसल्यासारखा खर्र खर्र आवाज येई. मधूनच एक लांब, समाधानाचा सुस्कारा. आम्ही तिघी बायका स्वयंपाकघरात तो आवाज ऐकत असू. आत्या म्हणे, "दादा आला," आणि चहाचं आधण ठेवी. त्या आवाजाबद्दल याहून जास्त चर्चा आमच्या घरात कधी झाली नाही.

तेव्हाच्या पनवेलात चार महिने कपडा म्हणून वाळत नसे. खाडीचा खारट वारा, वर पाऊस आणि खाली ओल. धुतलेलं धोतर आणि लुगडी चुलीच्या वर बांधलेल्या दोरीवर टाकत, आणि आम्ही सगळे भाद्रपदापर्यंत धुराच्या आणि कुबट वासाच्या कपड्यांत वावरत असू. मला शाळेत कुणी मागून ओळखलं असेल तर त्या वासावरून. घरात पंचे दोन होते. एक पाहुण्यांसाठी, कपाटात घडी करून ठेवलेला. आणि दुसरा आमच्या चौघांसाठी, न्हाणीघराच्या खिळ्यावर. त्या दुसऱ्या पंच्यानं आमच्या कुटुंबात जी एकी राखली होती तिची किंमत आम्हाला फार उशिरा कळली.

अण्णांना काही झालेलं नसलं तरी औषधं मात्र सगळी त्यांच्याकडे होती. भिंतीतल्या कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या जानव्याला. आत गंधकाचं मलम, मोरचुदाचा खडा, करंजेल, उंडेल, डांबरासारखं काळं काहीतरी असलेली बिनलेबलाची डबी, आणि कुणाकुणाला कोणकोणत्या डॉक्टरांनी कधीकाळी लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांची एक फाईल. कचेरीत जुनं दप्तर जसं कधी रद्द होत नाही तशी डॉक्टरची चिठ्ठीही कधी शिळी होत नाही, असं ते मानत. मयत झालेल्या माणसाच्या चिठ्ठीवरून त्यांनी माझ्या घामोळ्यांवर उपचार केल्याचं मला स्पष्ट आठवतं. औषध खरं की खोटं हे ठरवायची त्यांची कसोटी सोपी होती. ते लावल्यावर आग झाली पाहिजे. आग झाली म्हणजे औषध आत गेलं, बोंब मारली म्हणजे मुळाशी पोचलं. थंड वाटणारी कॅलामाइनसारखी औषधं ते श्रीमंत बायकांच्या नादिष्टपणात जमा करत.

पथ्याचंही खातं त्यांच्याकडेच. घरात कुणी जरा जास्त खाजवलं की मासे बंद. आमच्यासारख्या माणसांना हे म्हणजे तुरुंगवास. दारावर मासे घेऊन यायची ती हिरूबाय. खाडीकाठच्या गावातली, उंच, काळीसावळी, डोक्यावरची पाटी उतरवायला कुणाची मदत न मागणारी. तिनं पाटीवरचं पान बाजूला केलं की कोलंबी अशी चमकायची की आत्या हातातलं काम टाकून दारात यायची.

"वयनी, आज पन नाय?" हिरूबाय विचारी.

"आज पण नाही गं. पथ्य आहे."

"कोनाला काय झालंय?"

"कुणाला काही नाही झालेलं," आई म्हणे, आणि पदराखाली आपले हात लपवी.

मग आम्ही पंधरा पंधरा दिवस वालाचं बिरडं आणि भात खात असू. खाजेत तिळमात्र फरक पडत नसे. अण्णा म्हणत, "बघा, मासे बंद केले म्हणून एवढ्यावर निभावलं." या वाक्याला उत्तर नाही. मी पुढे चाळीस वर्षं मुलींना शिकवलं, तरी मला ते अजून सापडलेलं नाही.

मी अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होते त्या पावसाळ्यात माझ्या मानेवर, वेणीच्या खाली, चवलीच्या नाण्याएवढं एक गोल उमटलं. कडेला लाल, मधे जरा साफ. आत्यानं बघितलं आणि परसातला टाकळा वाटून चोळला. गोल हिरवं झालं, तसंच राहिलं. मग अण्णांनी मला कपाटापाशी बोलावलं. त्यांनी वरच्या फळीच्या मागच्या कोपऱ्यातून एक पुडी काढली. पिवळी-तपकिरी, बारीक पूड. "गोव्याची पूड. हिच्यापुढे काही टिकत नाही," ते म्हणाले, आणि खोबरेलात कालवून मानेवर चोळली. आग अशी झाली की मी मान वाकडी करून घरभर नाचले. अण्णांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. मानेचा हात नकळत डोळ्याला लागला आणि दुसऱ्या दिवशी माझे दोन्ही डोळे उघडेनात. चार दिवस मी भिंत धरून चालत होते. आई माझ्या डोळ्यांवर गुलाबपाण्याचे बोळे ठेवत होती आणि तिच्या हातांच्या भेगा माझ्या पापण्यांना टोचत होत्या. अण्णा दारात उभे राहून म्हणाले, "जहाल आहे. म्हणजे अस्सल माल आहे."

पाचव्या दिवशी डोळे उघडले तेव्हा एक गोष्ट मला समजली. ती पूड लागलेला कपडा सोड्याच्या पाण्यात पडला की डाग जांभळा होतो. माझ्या पोलक्याचा गळा जांभळा झाला होता. आणि अण्णांच्या धोतराची कंबर, मी लहान असल्यापासून, जांभळीच होती. मला वाटायचं धोतरं तशीच मिळतात. मी आईकडे बघितलं. तिनं धोतर पिळलं, झटकलं आणि दोरीवर टाकलं. जांभळी बाजू भिंतीकडे करून.

थंडीत मुंबईहून मामा आला. जेवताना वाढणाऱ्या आईचे हात त्यानं बघितले आणि ताट बाजूला सरकवलं. मामा शांत माणूस, पण हट्टी. त्यानं अण्णांना काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो बहिणीला घेऊन मुंबईला गेला आणि तिथल्या एका मोठ्या इस्पितळात कातडीच्या डॉक्टरला तिचे हात दाखवून आणले. आई परत आली ती एक ट्यूब घेऊन. पांढरी, बोटाएवढी, तिच्यावर निळी इंग्रजी अक्षरं. आमच्या घरात दात घासायलासुद्धा राखुंडी होती. ट्यूब ही वस्तूच आम्ही पहिल्यांदा हातात घेतली. सोबत मामाच्या हातची मराठी चिठ्ठी होती: "अगदी पातळ थर. दिवसातून दोनदा. दहा दिवस, मग बंद. तोंडाला लावायची नाही. दुसऱ्या कुणालाही द्यायची नाही. सोड्याला हात लावू नये, भांडी आत्याबाईंनी घासावीत." शेवटचं वाक्य डॉक्टरचं नसून मामाचं असावं, असं आत्याचं शेवटपर्यंत मत होतं.

आठव्या दिवशी आईचे तळहात मऊ झाले. मी ते हातात घेऊन बघत बसले होते. सतरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातावरच्या रेषा दिसल्या. अण्णांनीही वाकून पाहिलं, ट्यूब उचलली, नाकाशी नेली. वास नाही. बोटावर घेतली. आग नाही. तरी हात बरे झालेले. त्यांच्या सगळ्या शास्त्राला हा धक्का होता, पण अण्णा पुरावा मानणारे होते. "हातावर चालतं, तर बाकीच्या कातडीनं काय पाप केलंय?" असं म्हणून ट्यूब त्यांनी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

संक्रांतीला माझ्या मानेवर पहिल्यांदा ती लागली. तीन दिवसांत लाली गेली, खाज थांबली. त्याच आठवड्यात माजघरातला खर्र खर्र आवाजही बंद झाला. संध्याकाळी दार लोटलं जायचं, पण आत शांतता. आत्याला चहा कधी ठेवायचा ते कळेना.

मग अण्णा गल्लीचे डॉक्टर झाले. शेजारचे कापडवाले शेठ, पलीकडचे ड्रॉइंगचे मास्तर, त्यांची मेहुणी, सगळे तिन्हीसांजेला ओटीवर येऊन बसू लागले. कुणाला इसब, कुणाला शिबं, कुणाला खरूज, एकाला चक्क केसतूड. अण्णा सगळ्यांचं सहानुभूतीनं ऐकून घेत आणि सगळ्यांना तेच देत: केळीच्या पानाच्या तुकड्यावर हरभऱ्याएवढं मलम. कोणता रोग आहे हे विचारण्याची गरज अशा औषधानं ठेवलेलीच नव्हती. दोन दिवसांनी माणूस हसत परत येई आणि आठ दिवसांनी गंभीर होऊन परत येई. अण्णा म्हणत, "मधेच सोडलंत, म्हणून." मामाला पत्र गेलं की तुझ्या बहिणीच्या हातासाठी आणखी दोन ट्यूबा पाठव. मामानं त्या बिचाऱ्यानं बहिणीच्या हातासाठी पाठवल्या.

आता मी ऐंशीच्या पुढची आहे. परवा माझी नात कामोठ्याहून आली. आमच्या वेळी कामोठं म्हणजे शेतं आणि खारीचे बांध. आता तिच्या खिडकीतून समोरच्याची खिडकी दिसते. तिच्या हनुवटीखाली एक गोल होतं. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं न विचारता एक ट्यूब दिली होती, एकीत तीन औषधं, म्हणजे कोणतं तरी लागेल. वर सांगितलं होतं, "आजी लोकांनापण चालते." मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली आणि मला एकदम अण्णांच्या ओटीवर बसल्यासारखं वाटलं. तिला हाताला धरून मी त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. रिक्षावाल्यानं विचारलं, "आजी, एवढी काय घाई?" मी म्हटलं, "साठ वर्षांची घाई आहे बाबा."

तर त्या वर्षी माझं गोल जात होतं आणि येत होतं. ट्यूब लावली की मावळे, थांबवली की दुप्पट होऊन उगवे. हळूहळू त्याला गोल म्हणावं अशी कडच उरली नाही. नुसता लाल, पसरट, पुटकुळ्यांचा पट्टा, मानेवरून कानामागे, कानामागून जबड्यापर्यंत. मी पदर मानेभोवती घट्ट लपेटून परीक्षेला बसले. इकडे आईचे हात उन्हाळ्याच्या पापड-मिरच्यांत पुन्हा फुटले. एकदा, फक्त एकदा, ती कपाटापाशी उभी राहून म्हणाली, "अहो, त्यातली जराशी मिळेल का?"

"तुझं बरं झालं होतं ना?" अण्णा म्हणाले. "आता शेवटचीच उरली आहे. सुमनच्या दाखल्यापर्यंत राखायला हवी."

दाखल्याचं असं, की मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते आणि पुण्याच्या एका अध्यापिका विद्यालयात मला जागा मिळाली होती. वसतिगृहासकट. आमच्या गल्लीतून शिकायला बाहेर जाणारी मी पहिली मुलगी. पत्रासोबत एक छापील नमुना होता आणि त्यात एक ओळ: उमेदवारास कोणताही संसर्गजन्य त्वचारोग नाही. खाली डॉक्टरची सही. ती ओळ मी इतक्यांदा वाचली की कागद तिथं मऊ पडला. अण्णांनी मात्र ती कारकुनाच्या नजरेनं वाचली. "नाही, असं लिहिलंय. नव्हता किंवा नसेल, असं नाही. दाखला त्या दिवसापुरता असतो." आठ दिवस सकाळ-संध्याकाळ त्यांनी स्वतः माझ्या मानेला जाडजाड ट्यूब फासली. नवव्या दिवशी आरशात कातडी साफ दिसली. फक्त जरा जास्तच पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी.

नगरपालिकेच्या दवाखान्यातले आधीचे डॉक्टर दाखला मागायला गेलं की मान वर न करता सही करत. त्यांना रोगही दिसत नसे आणि रोगीही. अण्णा त्याच भरवशावर होते. पण दोन महिन्यांपूर्वी तिथं सावेबाई म्हणून नव्या डॉक्टर आल्या होत्या. तिशीच्या, ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी नमुना वाचला, सगळा, आणि मला खिडकीपाशी उजेडात उभं केलं. वेणी बाजूला केली. मग एक भिंग काढलं. मग बोथट पातं घेऊन मानेवरून, कानामागून हलकेच खरवडलं आणि तो भुसा काचेवर घेऊन कोपऱ्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली नेला. बराच वेळ त्या वाकून बघत राहिल्या. अण्णा टोपी काढून हातात फिरवत होते.

"हिला काय लावता?" बाईंनी विचारलं.

"छे, काही नाही. खोबरेल," अण्णा म्हणाले.

"मी तिला विचारतेय."

मी अण्णांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या भिंतीवरच्या रोगराईच्या तक्त्यातल्या माशीच्या चित्राकडे बघत होते. तोवरच्या आयुष्यात मी त्यांचं एकही वाक्य खोडलेलं नव्हतं, मनातसुद्धा नाही. माझ्या पायांखालची फरशी मला अजून आठवते, एक कोपरा उडालेली.

"आईच्या हाताची ट्यूब लावते," मी म्हटलं. "संक्रांतीपासून."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मला ओरडतील असं वाटलं होतं, पण त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "हे गजकर्ण आहे. बुरशी असते ही, आपल्या लोणच्यावर येते तशीच. त्या ट्यूबनं लाली जाते, खाज जाते, बुरशी मात्र खाली आरामात वाढते. आईच्या इसबाला ते औषध योग्यच होतं. तुला नव्हतं. आज मी सही केली तर वसतिगृहातल्या खोलीभर मुलींना हे होईल." मग अण्णांकडे वळून, "घरात आणखी कुणाला आहे?"

"आमचं घर स्वच्छ आहे," अण्णा म्हणाले.

"मी स्वच्छतेचं विचारलं नाही. हिला ते कुणाकडून तरी आलंय. तो माणूस बरा झाल्याशिवाय हिला कितीही औषध द्या, पुन्हा होणार. सगळ्या घराला घेऊन या. आणि घरात जी काही औषधं असतील ती पिशवीत घालून आणा. तोवर दाखला नाही."

परतताना अण्णा माझ्या चार पावलं पुढे चालत होते. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की नव्या डॉक्टरणीला अनुभव नाही. माझ्याशी ते बोलेनासे झाले. ट्यूब बंद झाली आणि दाबून ठेवलेलं सगळं एकदम उफाळून आलं. दहा दिवस माझा चेहरा मलाच बघवेना. बाईंनी ते आधीच सांगितलं होतं, म्हणून मी घाबरले नाही. खोटं कशाला, घाबरले. रोज रडत होते.

त्या दिवसांत हिरूबाय दारात आली तेव्हा तिनं माझं तोंड पाहिलं आणि पाटी उतरवून थेट ओटीवर बसली. "आमच्या पोरांना खरूज झालीली," ती म्हणाली. "त्या दवाखान्यातल्या बायनी पांडरा पानी दिला बाटलीन. मानेपासना पायापावत, सगल्या घराला येकाच दिसी लावाचा, खाज असो का नसो. मानूस तयारच व्हयना. मी सांगला, तुमी नाय लावलाव तं जेवाला नाय. लावलान." तिनं आईकडे पाहिलं. "तुमच्या घरान कोन ऱ्हायलाय, वयनी?"

सोमवारी आई, आत्या आणि मी दवाखान्यात गेलो. बाईंनी आत्याच्या चिखल्या बघितल्या, बोटं कोरडी ठेवायला सांगून मलम दिलं. आईचे हात बघितले. मग विचारलं, "आणि घरातले पुरुष?"

"त्यांना काही नाही," आई म्हणाली. जरा थांबली. "असं ते म्हणतात."

आषाढात पुण्याचं पत्र आलं. मुदतीत दाखला न आल्यामुळे माझी जागा दुसऱ्या मुलीला देण्यात आली होती. पत्र मी वाचलं, आईनं वाचलं, देवापुढे ठेवलं. संध्याकाळी अण्णा आले. कोट-टोपी खुंटीला गेली, माजघराचं दार लोटलं गेलं. त्यांचीही ट्यूब संपलेली होती. आतून खर्र खर्र आवाज सुरू झाला. आत्या चहाला उठली. आई म्हणाली, "वन्सं, बसा." आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच, न विचारता, तिनं ते दार ढकललं.

अण्णा धोतर सैल करून भिंतीला टेकून उभे होते आणि हातात कचेरीतला रेघा मारायचा लाकडी रूळ होता. कंबरेभोवती हातभर रुंद, काळपट-जांभळा, जाड कातडीचा पट्टा. दार उघडल्यावरही क्षणभर त्यांचा हात थांबला नाही. इतकी ती खाज होती. मी तोंड फिरवलं.

"किती वर्षं?" आईनं विचारलं.

"अगं, दार..."

"किती वर्षं झाली?"

"अकरा," अण्णा म्हणाले.

"पुण्याचं पत्र आलंय. पोरीची जागा गेली. उद्या मी तुमच्याबरोबर दवाखान्यात येते. कोट घाला नाहीतर घालू नका."

अण्णांनी कोट घातला. टोपीही घातली. खांद्याला पिशवी, तिच्यात कपाट रिकामं करून आणलेल्या बाटल्या आणि डब्या, चालताना वाजणाऱ्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर पंधरा-वीस माणसं होती, त्यांतली निम्मी कचेरीत कामं घेऊन येणारी, अण्णांना रावसाहेब म्हणणारी. जागा होती ती नेमकी हिरूबायच्या शेजारी. ती सरकली.

"आन्ना, तुमाला पन खरूज?"

बाकावरची माणसं वळून बघू लागली. अण्णांनी समोर बघितलं, टोपी सारखी केली. "नाही," ते म्हणाले. "गजकर्ण."

"मंग बसा," हिरूबाय म्हणाली. "बाय चांगली हाय. हसत नाय."

सावेबाई खरंच हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतला एकेक ऐवज टेबलावर मांडला, वास घेतला, काहींची झाकणं बघून मान हलवली. गोव्याची पूड त्यांनी लांबूनच ओळखली आणि माझ्या डोळ्यांबद्दल विचारलं. बिनलेबलाची काळी डबी उघडून त्या म्हणाल्या, "हे काय आहे?" अण्णा म्हणाले, "ते मलाही माहीत नाही." "मग लावता कशाला?" यावर अण्णांनी खूप विचार केला. "आग होते म्हणून," ते म्हणाले. आईच्या ट्यूबचं चपटं झालेलं टरफल बाईंनी आईच्या हातात दिलं आणि नवी चिठ्ठी लिहून दिली, आईच्या नावाची.

औषध साधं होतं. दवाखान्यातल्या बरणीतलं पांढरं मलम, सकाळ-संध्याकाळ, डागाच्या बाहेर दोन बोटं जास्त, आणि डाग दिसेनासे झाल्यावरही पंधरा दिवस. कपडे उकळायचे. प्रत्येकाचा पंचा वेगळा. अण्णांना शिवाय मुंबईहून मागवलेल्या गोळ्या. मला दोन महिने लागले, त्यांना सहा. आणि एकदा पटलं म्हटल्यावर अण्णांनी कारकुनी उत्साहानं मोहीम उघडली. चार पंच्यांच्या कोपऱ्यांत आमची अद्याक्षरं आत्याकडून काढून घेतली. ज्या ओटीवरून ट्यूब वाटली त्याच ओटीवरून ते तिच्याविरुद्ध व्याख्यानं देऊ लागले. ड्रॉइंगच्या मास्तरांना त्यांनी हाताला धरून दवाखान्यात नेलं आणि रांगेत स्वतः शेजारी बसले. माणूस तोच होता, तितकाच खात्रीचा. फक्त आता त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही वेळा तेवढाच ताप झाला.

गणपतीनंतर सावेबाईंनी माझा दाखला सही करून दिला. नुसत्या दाखल्यानं जागा परत मिळत नाही. अण्णांनी विद्यालयाच्या बाईंना पत्र लिहायचं ठरवलं. एक रविवार त्यात गेला. टाक, दौत, कोरे कागद, आणि आम्हाला बोलायची बंदी. त्या पत्राचा परिणाम काय झाला ते सांगून टाकते: दिवाळीनंतरच्या सत्रात एक जागा रिकामी झाली, ती मला मिळाली, मी शिक्षिका झाले. पण मला त्या पत्राची आठवण आहे ती वेगळी.

अण्णांनी तोवर कुठलाही कागद आईला दाखवलेला नव्हता. तिला वाचता येतं याची त्यांनी कधी नोंदच घेतली नसावी. त्या रविवारी दुपारी त्यांनी पत्र तिच्या हातात दिलं आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. आईनं पदराला हात पुसले. हात आता बरे होते. ती जमिनीवर बसून, ओठ हलवत, सावकाश वाचू लागली. पत्रात लिहिलं होतं की मुलीस झालेला रोग माझ्यापासून झाला, तो मी अकरा वर्षं लपवला, चुकीचं औषध मीच लावलं आणि डॉक्टरांपुढे असत्यही मीच सांगितलं. मुलगी मात्र खरं बोलली, सबब तिचा विचार व्हावा. खाली सही, हुद्द्यासकट.

आईनं ते दोनदा वाचलं, घडी घातली.

"मी, असं लिहिलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "मला वाटलं, कुटुंबातील एका व्यक्तीस, असं काहीतरी लिहाल."

अण्णा वळले नाहीत.

"आधी तसंच लिहिलं होतं," ते म्हणाले.